‘ठाऊक नाही’ हे उत्तर आहे का? अज्ञेयवादाबद्दल तुमचे अनुभव

सुरुवात करणारा

गेल्या आठवड्यात दहा वर्षांच्या लेकीनं विचारलं, “बाबा, देव आहे का?” मी म्हणालो, “ठाऊक नाही गं.” ती चित्र रंगवत होती. हातातला खडू तसाच ठेवून तिनं वर बघितलं. “शोधून सापडला नाही, की शोधलंच नाहीस?”

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं मी स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे ठाऊक नाही असं मानणारा, म्हणवतो आहे. इंग्रजीतला मूळ शब्द, ‘ॲग्नॉस्टिक’, टी. एच. हक्सली या जीवशास्त्रज्ञानं १८६९ मध्ये घडवला. त्याच्याभोवती जो तो कुठला ना कुठला ‘वादी’ होता, आणि यालाच स्वतःसाठी नाव नव्हतं. पुढे १८८९ मध्ये त्यानं स्पष्ट केलं की हा पंथ नाही, ही पद्धत आहे: बुद्धी नेईल तिथवर जायचं, आणि जे सिद्ध झालेलं नाही ते पक्कं असल्याचा आव आणायचा नाही. पद्धत म्हटली की ती वापरावी लागते. मी वापरली का?

ही भूमिका तर्काला धरून टिकते, की हे नुसतं तळ्यात-मळ्यात आहे? तुम्ही ‘ठाऊक नाही’ म्हणालात तेव्हा पुढे काय झालं, ते लिहा. आस्तिक, नास्तिक, सगळ्यांनी लिहा.

गणिताच्या निवृत्त शिक्षिका

माझ्या फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट कायम असायची: ‘अजून सिद्ध नाही’. तिच्यात गोल्डबाखचं विधान: दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. १७४२ साली गणितज्ञ ऑयलरशी झालेल्या पत्रव्यवहारातून ते आलं. आजवर कुणाला ते सिद्ध करता आलेलं नाही आणि खोडताही आलेलं नाही. मुलं २८ = ५ + २३, १०० = ३ + ९७ असं तपासत बसायची. एकानं विचारलं, “बाई, पण ते खरं किंवा खोटं, दोन्हींपैकी एकच असणार ना?”

हो, एकच. विधानाला दोनच बाजू असतात. माझ्या मनाच्या मात्र तीन अवस्था असू शकतात: मी ते मानते, ते खोटं मानते, किंवा अजून काहीच ठरवलेलं नाही. देव असण्या-नसण्यात तिसरी वाट नाही, मानण्या-न मानण्यात ती आहे. अज्ञेयवादात विसंगती काढणारे बहुतेक जण इथेच गल्लत करतात.

पण मला आपला मराठी शब्दच खुपतो. अज्ञात म्हणजे कळलेलं नाही. अज्ञेय म्हणजे कळूच शकत नाही. दुसरा दावा फार मोठा आहे. कळू शकत नाही हे तुम्हाला कसं कळलं? गणितात अशी गोष्ट दाखवता येते. सातत्याचं गृहीतक, म्हणजे अनंत संचांच्या आकारांबद्दलचं एक विधान, संचसिद्धांताच्या नेहमीच्या स्वयंसिद्धांवरून (सिद्ध न करता धरलेल्या मूळ विधानांवरून) खोडता येत नाही हे तर्कशास्त्रज्ञ ग्योडेलनं दाखवलं, आणि सिद्धही करता येत नाही हे १९६३ मध्ये पॉल कोहेननं. देवाच्या बाबतीत ते काम कुणी केलेलं मला दिसत नाही. ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञानं १८३५ मध्ये लिहिलं होतं की तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. पंचवीसेक वर्षांत किर्खहॉफ आणि बुन्सेन हे शास्त्रज्ञ प्रकाशाच्या वर्णपटावरून सूर्यातली मूलद्रव्यं ओळखू लागले. ‘कधीच नाही’ हे शब्द ओठांवर आले की मला काँत आठवतो. मी स्वतःला अज्ञातवादी म्हणते.

रात्रपाळीची नर्स

मी अतिदक्षता विभागात काम करते. देवाचं मला ठाऊक नाही, हे कॉलेजपासूनचं माझं मत. एका रात्री एका आजींचा रक्तदाब खाली खाली चालला होता. मी शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाचा वेग बदलत होते. आजोबांनी प्रार्थना म्हणता म्हणता माझी बाही धरली. “सिस्टर, माझ्याबरोबर तुम्हीपण म्हणा ना.” पंपावरचा आकडा नीट बसला आहे हे बघितलं आणि मी म्हणाले. ओठ हलवण्यापुरतं नाही, मनापासून म्हणाले. आजी पहाटे गेल्या.

घरी आल्यावर झोप लागेना. आपण त्या माणसाशी खोटं वागलो का, हेच डोक्यात. पुष्कळ दिवसांनी अँथनी केनी या तत्त्वज्ञाचा मुद्दा वाचला. हे आधी कॅथलिक धर्मगुरू होते, नंतर अज्ञेयवादी झाले. समुद्रात वाहत चाललेला माणूस मदतीसाठी हाका मारतो. कुणी ऐकेल याची त्याला खात्री नसते, तरी त्या हाकेत गैर काहीच नसतं. हाक मारायला कुणीतरी असू शकतं एवढं पुरतं. मला हे एकदम पटलं. त्या रात्री मी माझ्या मताच्या विरुद्ध वागले नव्हते.

आधी अज्ञेयवादी, आता नास्तिक

मी एक आठवडा वहीत नोंद ठेवली: देव असू शकतो हे धरून आज मी काय केलं? सात दिवस रकाना कोरा राहिला. मग मी नाव बदललं. जगण्यात ज्याचा मागमूस नाही ते मत कसलं?

शिवाय तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलची किटली आहेच. १९५२ मध्ये त्यानं लिहिलं: पृथ्वी आणि मंगळ यांच्या दरम्यान एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरते, दुर्बिणीलाही दिसणार नाही एवढी छोटी, असं मी म्हणालो तर ते कुणाला खोडता येणार नाही. पण म्हणून आपण त्या किटलीबद्दल तटस्थ राहतो का? खुद्द रसेल मात्र १९४७ मध्ये म्हणाला होता की तत्त्वज्ञांपुढे बोलताना त्यानं स्वतःला अज्ञेयवादी म्हणवून घ्यायला हवं, आणि सामान्य माणसापुढे नास्तिक. मला ती पळवाट वाटत नाही. किती खात्री म्हणजे ‘ठाऊक आहे’, हे समोर कोण आहे त्यावर ठरतं.

गणिताच्या शिक्षिका, पुन्हा

किटलीबद्दल मीही तटस्थ नाही. किटल्या कोण बनवतं आणि त्या अवकाशात आपोआप जात नाहीत, हे मला माहीत आहे. समोरच्या झाडाची पानं सम आहेत की विषम, याबद्दल मात्र मी पूर्ण तटस्थ आहे, आणि त्यासाठी मला कुणी डळमळीत म्हणणार नाही. देवाचा प्रश्न किटलीसारखा की पानांसारखा? वाद खरा तिथे आहे.

रोज प्रार्थना करणारी

देव आहे हे मला ठाऊक आहे, असं मी कधीच म्हणत नाही. मी श्रद्धा ठेवते. ठाऊक नसणं आणि श्रद्धा असणं एका माणसात सुखानं नांदतात, हे मी तीस वर्षं अनुभवते आहे.

संस्कृतचा विद्यार्थी

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, नासदीय, मला पाठ आहे. सात ऋचा. शेवट असा: ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’. पहिल्या ‘वेद’वर ठसका द्यायचा आणि पुढचं भरभर संपवायचं, अशी मला सवय लागली होती. गुरुजींनी एकदा हात वर करून थांबवलं. “शेवट गिळू नकोस.” ही सृष्टी कुठून आली ते परम व्योमातला, म्हणजे सर्वोच्च आकाशातला, अध्यक्ष जाणतो, किंवा तोही जाणत नसेल. इथे शंका माणसाच्या तोकड्या बुद्धीपुरती उरत नाही. तरी याला सरसकट अज्ञेयवाद म्हणायला मी कचरतो. सूक्ताचा प्रश्न सृष्टी कुठून आली हा आहे, आणि देव तर सृष्टीनंतरचे, असं त्यातच म्हटलं आहे.

बौद्ध ग्रंथांत संजय बेलट्ठिपुत्त हा बुद्धाच्या काळातला आचार्य भेटतो. परलोक आहे का, असं विचारलं की तो म्हणे: आहे असं मी म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही, नाही-असं-नाही असंही म्हणत नाही. या पद्धतीला ‘अमराविक्षेप’ म्हटलं आहे, आणि अमरा म्हणजे हातातून निसटणारा मासा, असा अर्थ त्या ग्रंथांचे भाष्यकार देतात.

थोरली बहीण

तो निसटणारा मासा मी होते. आई भाविक, नवरा नास्तिक. दोघांपुढेही ‘मला ठाऊक नाही’ म्हटलं की विषय मिटायचा. माझा धाकटा भाऊ शेवटच्या आजारपणात होता. दुपारची वेळ, मी त्याची नखं कापत होते. त्यानं विचारलं, “ताई, देव असेल का गं?” माझं तोंडपाठ उत्तर बाहेर पडलं. तो म्हणाला, “ठाऊक काय आहे ते नाही विचारलं. तुला वाटतं काय?”

नेलकटर हातात तसंच राहिलं. मग म्हणाले, “नसावा असं वाटतं. असावा अशी इच्छा आहे.” तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, “माझं उलटं. आहे असं वाटतं, आणि त्याचा राग येतो.” त्यानंतर रोज दुपारी आम्ही यावरच बोलायचो. तेवीस दिवस मिळाले. मी आजही ‘ठाऊक नाही’च म्हणते, पण आता त्यापुढे मला काय वाटतं आणि का वाटतं, तेही सांगते.

सुरुवात करणारा

ताई, तुमचं वाचून उठलो आणि लेकीकडे गेलो. “थोडं शोधलं होतं, मग थांबलो,” म्हटलं. “कुठे थांबलास?” जुनी वही माळ्यावरून काढली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर एकच ओळ होती: ‘कोणता देव? जग निर्माण करणारा की हाक ऐकणारा?’ पुढची पानं कोरी. तिनं वही मांडीवर घेतली आणि विचारलं, “हे दोघं वेगळे असतात?”