मदत हवी आहे: ड्रेमेल घेऊ की साधं रोटरी टूल? लवकर सांगा

कारखाना_सोलापूर: रोटरी टूल घ्यायचंय, हातात धरून कोरायचं-घासायचं छोटं मशीन. ड्रेमेल हा त्यातला नावाजलेला ब्रँड. आत्ता आहे त्यानं वैताग आणलाय. बर (पुढं लावायचं कोरायचं टोक) घसरतो, मशीन तापतं, मध्येच जळका वास येतो. ड्रेमेल घेतलं तर सगळं बजेट त्यातच जातंय. ऑनलाइन बिननावाचं मशीन शंभरेक पार्टच्या पेटीसकट त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात पडतंय. रविवारच्या आत ठरवायचंय, ऑर्डर आहे. दोन्ही वापरलेल्यांनीच सांगा. "गूगल करा" म्हणणाऱ्यांनी लांबून जा.

निळी_पेटी: ड्रेमेल. विषय संपला. ३००० मॉडेल घ्या, १३० वॅट, १०,००० ते ३३,००० आरपीएम (मिनिटाला फेरे). खिसा सैल असेल तर ४००० मॉडेल, १७५ वॅट, स्पीड ५,००० पासून सुरू होतो आणि लोड आला तरी आतलं सर्किट स्पीड पडू देत नाही. पैसे देताना एकदाच रडा.

जुळे_सोलापूरकर: अहो पण काम कशावर आहे? लाकूड, लोखंड, काच, ॲक्रिलिक? आणि ऑर्डर कसली?

कारखाना_सोलापूर: छोटी कामं. कोरणं, कापणं, घासणं. एवढ्यावर सांगता येईल की.

जुळे_सोलापूरकर: नाही येत. ॲक्रिलिकवर ३०,००० ला लावलं तर ते कापत नाही, वितळून बराला चिकटून बसतं. काचेला डायमंड बर आणि पाणी लागतं. म्हणून विचारलं.

स्वस्तात_मस्त: निळ्या पेटीवाल्यांचं ऐकू नका. मी साधंच वापरतोय, नाव न घेता सांगतो, मस्त चालतंय. उरलेल्या पैशात चांगला टेबल व्हाइस येतो. नावाचे पैसे कशाला द्यायचे? ड्रेमेल म्हणजे तरी काय, १९९३ पासून बॉशच्याच घरातलं.

निळी_पेटी: बॉशच्या घरातलं आहे म्हणजे वाईट झालं का? तुमच्या "मस्त" मशीनमध्ये ३.२ मिमीचा ड्रिल लावा आणि हातानं हळू फिरवा. टोक गोल फिरतंय की भोवऱ्यासारखं डोलतंय ते बघा, मग बोलू.

स्वस्तात_मस्त: मला घड्याळं बनवायची नाहीत दादा.

रेझिनवाली: मध्येच बोलते, सॉरी. पण कुणी मास्क आणि गॉगलबद्दल बोलतच नाहीये. पातळ कटिंग डिस्क तुटली की तुकडा थेट तोंडावर येतो. तारेचा ब्रश १५,००० च्या वर नेऊ नका, तारा सुटून अंगात रुततात. आणि सुती हातमोजे घालून फिरत्या मशीनजवळ अजिबात जायचं नाही, धागा अडकला तर बोटासकट ओढतं.

कारखाना_सोलापूर: ताई धन्यवाद, पण प्रश्न तो नव्हता.

मंगळवारपेठी: आम्ही सराफीतले. आमच्यात एवढी जड मोटर हातात धरून कुणी काम करत नाही. हँगिंग मोटर टांगायची, पायाखाली पेडल, हातात बोटाएवढा हँडपीस. दिवसभर कोरलं तरी मनगट दुखत नाही, आणि स्पीड पायात असल्यामुळे बर अडकायच्या आत पाय उचलता येतो. तुमच्या बजेटमध्ये ड्रेमेल बसत असेल तर हीसुद्धा बसेल. बाकी एक सांगा मालक, घसरणारे बर कुठून आणले?

कारखाना_सोलापूर: तुमच्याच सराफ बाजारातून. मशीनसोबतचे केव्हाच बोथट झाले.

मंगळवारपेठी: मग झालं की ओ. आमच्या बराची दांडी २.३५ मिमी. तुमच्या मशीनमध्ये ३.२ चं कोलेट (दांडी पकडणारी चिमटी) असणार. कितीही आवळा, धरणार नाही. २.४ चं कोलेट लावा.

निळी_पेटी: ड्रेमेलला चारही साइजची कोलेट मिळतात, ०.८, १.६, २.४, ३.२. सहज सांगितलं.

वाइंडर_काका: कोलेटचा नट ड्रेमेलचा आणून स्वस्त मशीनला चढवायला जाऊ नका. आटे जुळतीलच असं नाही, आवळताना स्पिंडलचे (फिरत्या दांड्याचे) आटे खराब होतात. मशीन खिशात घालून दुकानात न्या आणि लावून बघा. बर आत नसताना नट आवळून ठेवायची सवय असेल तर ती पण सोडा, कोलेट दबतं.

आता वास. वास दोन प्रकारचे. नवीन कार्बन (मोटरला घासून वीज देणारे ठोकळे) बसताना थोडा वास येतो, तो जातो. वार्निश जळाल्यासारखा वास असेल तर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या तारेची गुंडाळी, तापलंय. अंधारात चालवून जाळीतून बघा. कार्बनपाशी बारीक ठिणग्या चालतात. कम्युटेटरभोवती (कार्बन घासतात त्या तांब्याच्या कड्याभोवती) आगीची कडी फिरत असेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, गेलं. एवढ्याशा आर्मेचरचं रिवाइंडिंग मी घेत नाही, मजुरीत नवीन स्वस्त मशीन येतं. ड्रेमेलला कार्बन, कोलेट, स्विच सुटे मिळतात, फरक मुख्य तिथंच आहे. बिननावाच्या पेटीत कार्बनचा एक जास्तीचा जोड येतो, तो संपला की घासून जुगाड. आता सांगा, काय करलालाय नेमकं त्या मशीनवर?

कारखाना_सोलापूर: सांगतो. आमच्या कारखान्यातले जुने माग काढून रॅपिअर (नव्या पद्धतीचे माग) बसवले. लाकडी धोटे पोतंभर पडलेत. त्यांचे टेबल लॅम्प आणि पेनस्टँड करतोय. धोट्यावर नाव कोरायचं, सुताची कांडी बसते त्या खाचेत वायरीला भोक, आणि एका बाजूचं लोखंडी टोक कापून धोटा उभा करायचा.

जुळे_सोलापूरकर: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर निम्मा धागा वाचला असता.

कारखाना_सोलापूर: धोटा म्हटलं की सोलापुरात कुणाला समजवावं लागतं का?

पुणेकर_फिटर: धोटा म्हणजे?

मागावरचा: अरे देवा. मागावर बाणा (आडवा धागा) घेऊन इकडून तिकडे पळतो तो. रॅपिअरला धोटाच नाही, म्हणून सगळे भंगारात चाललेत. आमचे वडील कांड्या भरायचे. खडखड थांबली की पेठेत झोप लागायची नाही म्हणे.

वाइंडर_काका: लोखंडी टोक त्या मशीननं कापताय? मग तापणारच. टोक कडक असतं, डिस्क त्यावर चुन्यासारखी झिजते, आणि तुम्ही दाबत असणार. रोटरी टूल स्पीडवर काम करतं, जोरावर नाही. दाबलं की आरपीएम पडतो, करंट वाढतो, पंख्याची हवा कमी होते. त्यात आपला उन्हाळा ४२ च्या पुढं. ड्रेमेल घेतलं तरी असंच वापरलंत तर त्यालाही घाम फुटेल. टोक कापायला ४ इंची ग्राइंडर भाड्यानं आणा, एका दुपारचं काम.

रेझिनवाली: टोक कापताच कशाला? तीच तर धोट्याची ओळख आहे. खाली लाकडी ठोकळ्यात भोक पाडून टोकासकट रोवा. कापणं वाचलं.

स्वस्तात_मस्त: हे बेस्ट. बघा, आता साधं मशीन पुरतंय की नाही!

निळी_पेटी: कोरायचं राहिलंय ना अजून. अक्षराच्या कडा डोलत्या स्पिंडलवर फाटतात. शंभर पार्टच्या पेटीत निम्मे तर एकाच जातीचे घासायचे खडे असतात.

मंगळवारपेठी: कोरायला पेटी नकोच. दोन-तीन चांगले स्टीलचे बर बास. धोट्याचं लाकूड टणक आणि वर्षानुवर्षं तेल प्यालेलं. आधी थिनरनं पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच मशीन लावा, ठिणगी थिनरला लागू देऊ नका. काळं पडायला लागलं की स्पीड कमी करा. तरी काळंच पडत असेल तर बर बोथट आहे, फेका.

पुणेकर_फिटर: लेझर एनग्रेव्हर का घेत नाही? पाच मिनिटांत नाव.

जुळे_सोलापूरकर: धोटा टोकांकडं निमुळता असतो, दादा. फोकस प्रत्येक ठिकाणी बदलणार. आणि बजेट वाचलं का वर?

पुणेकर_फिटर: रोटरी अटॅचमेंट मिळते त्याला.

मागावरचा: यांना कुणीतरी एक धोटा पाठवा रे, हातात घेऊन बघू दे.

कारखाना_सोलापूर: अपडेट. मशीन सोबत नेऊन २.४ चं कोलेट लावून आणलं, बर घसरणं बंद. काकांनी सांगितलं तसं अंधारात बघितलं, आगीची कडी नाही, ठिणग्या बारीकच आहेत. जाळीत लाकडाचा भुसा आणि कापसाची लव दाबून बसली होती, ब्लोअरनं काढली. वास कमी झालाय. टोकं कापणार नाही, ठोकळ्यात रोवतो. ही ऑर्डर याच मशीनवर काढतो. डोलणं मात्र आहे, 'श्री' कोरताना रेघ दुहेरी येते, त्यामुळे पेटीवालं बिननावाचं तर बाद. आता ड्रेमेल ३००० की हँगिंग मोटर एवढंच राहिलंय. मंगळवारपेठी, दुकानात येऊन तुमची मोटर एकदा हातात धरून बघितली तर चालेल का?

मंगळवारपेठी: या की. दुपारी तीननंतर, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. धोटा घेऊन या, त्यावरच चालवून बघू.

निळी_पेटी: बाहेर नेऊन काम करायला हँगिंग मोटर सोयीची नाही हे लक्षात ठेवा. नंतर परत इथंच याल.

रेझिनवाली: ते धोटे विकणार का? मला दहा-बारा हवेत, टोकासकट. तडे गेलेले असले तरी चालतील, रेझिन भरेन.