सशाची मान कलली, दोन डॉक्टर, दोन निदानं: आधी कशावर उपचार करायचे?

चिंगीचं_घर

चिंगी, लॉप (लोंबत्या कानांच्या) जातीची सशीण, वय 3 वर्षं, वजन 1.8 किलो. परवा सकाळपासून मान उजवीकडे कलली आहे. डोळ्यांची बुबुळं डावी-उजवी लकलकतात, चालताना उजवीकडे झोक जातो, दोनदा लोळण घेतली. खाते, पण नेहमीच्या निम्मंच. लेंड्या बारीक आणि कमी.

पहिल्या डॉक्टरांनी कानात पाहिलं, मळ दिसला, म्हणाले मधल्या कानाचा संसर्ग. एन्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, शिवाय उद्या स्टेरॉइडचं एक इंजेक्शन घेऊ म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. त्यांच्या मते हा ई. क्युनिक्युलाय, म्हणजे मेंदूत बसणारा सूक्ष्म परजीवी. रक्त तपासायला पाठवलंय, रिपोर्टला आठवडा लागेल. तोवर त्यावरचं औषध, फेनबेन्डाझोल, सुरू करा म्हणाले.

कोणाचं ऐकायचं? आणि घरात कुत्र्याचं अमॉक्सिसिलिनचं सिरप उरलंय, मधल्या काळात ते चालेल का?

लेंडीपुराण

सिरपला हातही लावू नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं सशाला तोंडावाटे द्यायची नसतात. आंधळ्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, त्यांची जागा क्लॉस्ट्रिडियम घेतो, त्याच्या विषाने जुलाब होऊन ससा दगावतो. पेनिसिलिन सशांना देतात, पण इंजेक्शनने. एन्रोफ्लोक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा तोंडाने चालतं.

निदानावर इतर लोक बोलतीलच. मला जास्त काळजी त्या 'निम्मंच खाते'ची वाटते. मान कललेला ससा मूळ आजारापेक्षा आतडं थांबून जास्त लवकर जातो. चक्कर येते, मळमळतं, ससा खायचं सोडतो आणि त्याला उलटी करता येत नाही. तेव्हा निदान काहीही निघो, भरवणं आजपासून.

तयार रिकव्हरी फूड कालवून दिवसाला किलोमागे साधारण 50 मि.ली. धरा. 1.8 किलोला 90 मि.ली. झालं, म्हणजे 15 ते 18 मि.ली.चे पाच-सहा फेर. ती स्वतः जितकं खाईल तितकं यातून कमी करा. तयार पूड नसेल तर रोजच्या पेलेट्स कोमट पाण्यात फुगवून चाळणीतून घासून घ्या, नाहीतर सिरिंजच्या तोंडात गोळा अडकतो. सिरिंज समोरून नाही, पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून आडवी घालायची. एका वेळी अर्धा ते एक मि.ली., चावून गिळलं की पुढचं. तिला पाठीवर उताणी करून भरवू नका, घास श्वासनलिकेत जातो. मांडीवर टॉवेलात गुंडाळून, डोकं जमेल तेवढं सरळ धरून. लोळण चालू असताना अजिबात नाही, थांबली की.

12 तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. ताप मोजता येत असेल तर मोजा: 38.5 ते 40 अंश सेल्सियस ठीक. 38 च्या खाली गेला तर आधी ऊब द्या, मग भरवा. गार पडलेल्या सशाला भरवू नये.

गवतकाडी

दोन्ही डॉक्टर चुकलेले नाहीत. बाहेरून ही दोन दुखणी इतकी सारखी दिसतात की नुसतं पाहून कोणी छातीठोक सांगितलं तर मलाच शंका येईल.

कानाकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी: लॉप जात, कानाच्या बुडाशी फुगवटा किंवा दाबल्यावर दुखणं, त्याच बाजूचा ओठ किंवा पापणी लोंबणं. ई. क्युनिक्युलायकडे बोट दाखवणाऱ्या: मागच्या पायात कमजोरी, लघवी गळणं, डोळ्याच्या भिंगात पांढरा ठिपका, रक्तात युरिया-क्रिएटिनिन वाढलेलं, कारण हा परजीवी मेंदूसोबत मूत्रपिंडातही बसतो. बुबुळं आडवी हलणं दोन्हीत दिसतं. वर-खाली हलली तर दोष मेंदूत असण्याची शक्यता जास्त.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून कान सुटला असं नाही. मधल्या कानाच्या हाडाच्या पोकळीत पू असला तरी एक्स-रेत तो सहज निसटतो. सीटी स्कॅनमध्ये दिसतो. सोय असेल तर पैसे तिथे घाला. त्यासाठी भूल द्यावी लागली तर सशाला उपाशी ठेवायचं नसतं, हे आधीच विचारून घ्या.

रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा: त्यात आयजीजी आणि आयजीएम अशी दोन प्रकारची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बघतात. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी संपर्क आला होता, एवढंच. धडधाकट सशांतही तो पॉझिटिव्ह येतो. सोबत आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग सध्या जागा असण्याचा संशय वाढतो. दोन्ही निगेटिव्ह आले तर मात्र ई. क्युनिक्युलाय जवळजवळ बाद धरा आणि कानाच्या मागे लागा. थोडक्यात, ही तपासणी 'नाही' म्हणायला चांगली, 'हो' म्हणायला कच्ची.

म्हणून रिपोर्ट येईपर्यंत दोन्ही उपचार सोबत चालवणं ही रूढ पद्धत आहे. एन्रोफ्लोक्सासिन आणि फेनबेन्डाझोल एकत्र देतात. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. ससा एक आणि फाइली दोन, असं व्हायला नको.

स्टेरॉइडबद्दल: ससे त्याला फार हळवे असतात. प्रतिकारशक्ती दबते आणि दबून बसलेला परजीवी किंवा कानातला जंतू डोकं वर काढतो. सूज-वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम या बिनस्टेरॉइड औषधाबद्दल विचारा, पण पाणी कमी पडलेल्या किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या सशाला ते सांभाळून द्यावं लागतं. आणि स्टेरॉइड व मेलॉक्सिकॅम एकत्र कधीच नाही. कानात थेंब घालायचे असतील तर पडदा शाबूत आहे का ते आधी बघायला सांगा. फाटला असेल तर जेंटामायसिनसारखे थेंब आतल्या कानालाच इजा करतात.

शेवटी कानच निघाला तर नुसत्या अँटिबायोटिकवर फार भिस्त नको. सशाचा पू पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट असतो. तो वाहून जात नाही, औषध आत शिरत नाही. कधीकधी ऑपरेशन करून तो काढावाच लागतो.

चिंगीचं_घर

मनापासून आभार. सिरप बाजूला ठेवलं, स्टेरॉइडला नाही सांगितलं. आज पाच वेळा भरवलं, लेंड्या वाढल्यात. फेनबेन्डाझोल आणलं. चिठ्ठीवर '1.4 मि.ली. रोज एकदा, 28 दिवस' आहे, बाटलीवर 10% लिहिलंय. सुरू करू ना?

मोजूनमापून

थांबा. डोस किलोमागे 20 मि.ग्रॅ., म्हणजे 1.8 किलोला 36 मि.ग्रॅ. 10% च्या बाटलीत एका मि.ली.त 100 मि.ग्रॅ. असतं, म्हणजे 0.36 मि.ली. पुरे. 2.5% ची बाटली असेल तर एका मि.ली.त 25, आणि तेव्हा 1.44 मि.ली. लागतं. डॉक्टरांच्या मनात 2.5% ची बाटली असणार. तुमच्या बाटलीतून 1.4 दिलंत तर चौपट डोस होईल, आणि याच औषधाने अस्थिमज्जा दबून रक्तपेशी घटल्याच्या नोंदी सशांमध्ये आहेत. आधी फोन करून विचारा.

सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांनी एकदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. मध्येच हिरड्या पांढरट दिसल्या किंवा ती मलूल पडली तर त्याआधीच.

चिंगीचं_घर

फोन केला. 2.5% च धरलं होतं त्यांनी. आता 0.36. लोळणं थांबवायला काय करू? पिंजऱ्याच्या जाळीवर डोकं आपटतंय.

लेंडीपुराण

पिंजरा नको. उथळ पेटी घ्या, तळाला न घसरणारी चटई, चारी बाजूंनी टॉवेलाच्या घट्ट गुंडाळ्या, इतक्या जवळ की अंग टेकेल. आधार लागला की लोळण कमी होते. उजेड मंद, उचलायचं कमीत कमी, उचललंत तर छातीशी घट्ट. पाणी बाटलीऐवजी जड वाटीत, गवत तोंडाच्या उंचीला. खालच्या बाजूचा, म्हणजे तिचा उजवा डोळा चटईला घासून जखम होते, तेव्हा दिवसातून तीन-चार वेळा डोळ्यांचं वंगण मलम. तो डोळा ती मिटून ठेवायला लागली किंवा पांढुरका दिसला तर दाखवा. बुडाखालचं ओलं रोज बदला. परजीवीचे बीजाणू लघवीतून पडतात, त्यामुळे भांडी-पेटी उकळत्या पाण्याने. दुसरा ससा असेल तर त्याचं पाणी, गवत वेगळं.

डोळ्यांची लकलक आधी थांबते, मान मागाहून, आठवडे लागतात. थोडी वाकडी राहिली तरी ससे त्या मानेने नीट खातात, पळतात.

मोजूनमापून

0.36 साठी 1 मि.ली.ची बारीक खुणांची सिरिंज घ्या, 5 ची नको. आणि बाटली दर वेळी चांगली हलवा. औषध तळाशी बसतं, न हलवता घेतलं तर सुरुवातीला नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या आठवड्यात गाळ.