रे: रे: कर्वेनगर तळघर – रेडॉनचं किट कोणतं? (अभय गुरुवारी निघतोय)

मेधा:
मंडळी, अभय गुरुवारी अमेरिकेतून, नूअर्कहून, पुण्याला यायला निघतोय, त्याला कोणतं किट आणायचं ते उद्या रात्रीपर्यंत नक्की सांगायचंय. तळघरातला रेडॉन, म्हणजे जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू, मोजायला मागच्या मीटिंगमध्ये तो शोषून घेणारे चारकोलचे (कोळशाचे) डबे ठरले, पण ते पुण्यात चालणारच नाहीत. तो डबा दोन ते सात दिवस उघडा ठेवायचा, मग सील करून लगेच लॅबला पोचवायचा असतो. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे तेवढ्या वेळात तो निम्माच उरतो. पुण्याहून कुरिअर न्यू जर्सीच्या लॅबला जाणार, मध्ये कस्टम, मग लॅबवाला मोजणार काय? शिवाय काळी भुकटी भरलेला डबा कुरिअरच्या काउंटरवरच उघडायला लावतील. माझं म्हणणं, डिजिटल मीटर आणू दे. दिवाळीनंतर तळघरातल्या वाचनालयात एसी लावून खिडक्या बंद केल्यात आणि सुनंदावहिनी आणि बाकीच्या दुपारभर तिथेच असतात, म्हणून घाई करतेय.

विनायककाका:
मेधा, न्यू जर्सीत एडिसन गावी आमच्या घरी आम्ही चारकोलच वापरलं होतं आणि व्यवस्थित रिपोर्ट आला होता. मुळात पुण्यात टेस्ट कशाला? इथे खाली सगळा काळा पाषाण, बेसॉल्ट, त्यात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम फारच कमी. तिकडे न्यू जर्सीचा उत्तर भाग रीडिंग प्राँग या युरेनियमवाल्या खडकांच्या पट्ट्यावर बसलाय, तिथली भीती इथे आणू नका. आणि मीटरचे पैसे इमारत फंडातून मिळणार नाहीत, तो फंड वॉटरप्रूफिंगसाठी राखून ठेवलाय, हे गेल्या वर्षीच ठरलंय. एक मोठा एक्झॉस्ट फॅन लावा, हवा खेळती राहील, विषय संपला.

श्रीरंग:
काका, एक्झॉस्टला माझा ठाम विरोध आहे. एक्झॉस्टने तळघरातली हवा बाहेर ओढली की आतला दाब कमी होतो आणि जमिनीतला वायू फटींतून उलट जास्त आत येतो. फॅन लावायचाच तर बाहेरची ताजी हवा आत ढकलणारा लावा. बेसॉल्टचं खरंय, पण त्यावरून आपल्याच खोलीचा आकडा सांगता येत नाही. शेजारी-शेजारी असलेल्या दोन घरांतसुद्धा आकडे खूप वेगळे येतात. आम्ही पेनसिल्व्हेनियात राहायला गेलो तेव्हा स्टॅन्ली वॉट्रासची गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ होती. १९८४ साली लिमरिकच्या अणुवीज केंद्रात तो कामाला होता, रेडिएशनचा अलार्म वाजायचा तो कामावर येताना, कारण किरणोत्सारी कण तो घरून अंगावर घेऊन यायचा. त्याच्या घरात रेडॉन प्रचंड निघाला. त्या भागात घर घेताना एजंटच आधी टेस्टचं विचारायचा, आमच्या बेसमेंटमध्ये मुलं खेळायची म्हणून आम्हीही केली आणि नंतर पाइप आणि फॅन बसवून घेतला.

सुनंदावहिनी:
सगळे तळघराबद्दल लिहिताहेत आणि तिथे बसणाऱ्यांना कोणी विचारत नाहीये, म्हणून लिहिते. खिडक्या आम्ही हौसेने बंद केलेल्या नाहीत. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आली, जुन्या दिवाळी अंकांची पानं एकमेकांना चिकटली, ती सुटी करताना फाटली. त्यामुळे एसी आणि ओलावा ओढणारं मशीन बंद करणार नाही. मीटर ठेवा, पण आम्ही जशा बसतो तशाच खोलीत ठेवा. दुसरं, मागच्या कोपऱ्यात पंपाचा खड्डा आहे, वर नुसती लोखंडी जाळी. खाली थेट माती दिसते, पाणीही असतं. रेडॉन जमिनीतून येतो म्हणता, मग तो खड्डा आधी बंद का करत नाही?

विनायककाका:
वहिनी, खड्डा बंद करायचा नाही. जुलैत झरे लागतात तेव्हा पंप अडकला की रात्री-अपरात्री कोण येणार? जाळी मीच बसवून घेतलीय, वरून हात घालून फ्लोट (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता गोळा) मोकळा करता येतो. इमारतीचं काम इमारत समितीकडे राहू द्या.

मेधा:
काका, खड्ड्यावर घट्ट बसणारं झाकण करता येतं, रबरी पट्टी लावून, वर छोटं उघडता येणारं दार आणि वायर-पाइपला सील. अमेरिकेतल्या सम्प पिटला तसंच करतात. म्हणजे तुमचा फ्लोट हाताशी राहील आणि वहिनींचं म्हणणंही राहील. पण झाकणाचं काम आकडा आल्यावर. वहिनींचं "जशा बसतो तशाच" हे अगदी बरोबर आहे. छोट्या टेस्टसाठी आधी बारा तास आणि पूर्ण टेस्टभर खिडक्या बंद ठेवायला सांगतात, आपल्या तर असतातच. मीटर जमिनीपासून निदान दीड-दोन फूट वर, भिंतीपासून लांब, एसीच्या झोतात नाही. पहिल्या दिवसाच्या आकड्यावर कोणी मेल टाकू नका, निदान आठवडाभराची सरासरी बघायची आणि मग मीटर तिथेच ठेवायचा, पावसाळ्यात जमीन भिजल्यावर काय होतं तेही दिसेल.

आकडा कोणता हेही आत्ताच ठरवू. अमेरिकेत ईपीए, म्हणजे तिथली सरकारी पर्यावरण संस्था, ४ पिकोक्युरी प्रति लिटरला दुरुस्ती करायला सांगते, म्हणजे १४८ बेकरेल प्रति घनमीटर (दोन्ही किरणोत्सार मोजायची एककं). जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० सुचवलेत, ते जमलं नाही तर ३०० च्या वर जाऊ नये म्हणतात. मी १०० धरावेत म्हणते. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं मोठं कारण रेडॉन आहे आणि वास नाही, रंग नाही, बसणाऱ्याला कळत नाही. १०० च्या खाली आलं तर मी स्वतः लिहीन की काकांचा बेसॉल्ट बरोबर होता.

श्रीरंग:
मीटर एकच आणला तर त्यावर भांडण होणार, म्हणून अल्फा ट्रॅकचं एक किटही आण अभय. प्लास्टिकच्या चकतीवर अल्फा कणांचे ओरखडे उठतात, ते पुसले जात नाहीत, त्यामुळे कुरिअरला वेळ लागला तरी चालतो. निदान तीन महिने ठेवावं लागतं. आपल्याकडेही एलआर-११५ फिल्म वापरून असंच मोजतात, बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) त्यासाठी डोसिमीटर, म्हणजे मोजायची डबी, बनवलाय. आकडा वर आलाच तर फरशीला भोक पाडून चार इंची पीव्हीसी पाइप गच्चीवर न्यायचा आणि वर फॅन लावायचा, म्हणजे खोलीतली हवा नाही तर फरशीखालचाच वायू आत यायच्या आधी बाहेर ओढला जातो, नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. आपल्या पीसीसीखाली (फरशीखालच्या काँक्रीटखाली) दगडाचं सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आहे ना काका? असेल तर एका पाइपने पुष्कळ भाग ओढला जाईल.

विनायककाका:
सोलिंग नऊ इंची आहे, मी उभं राहून करून घेतलंय. भोक कुठे पाडायचं ते मला विचारल्याशिवाय ठरवू नका, ड्रेनेजची लाइन मधून गेलीय. मीटरचे पैसे फंडातून नाहीत, यावर मी ठाम आहे.

अभय:
मीटर आणि अल्फा ट्रॅकचं एक किट दोन्ही आणतो. मीटर बॅटरीवर चालतो, प्लगचा प्रश्न नाही. पैसे मी भरतो, फंडाचं तुम्ही मीटिंगमध्ये बघा. शुक्रवारी रात्री पोचेन, शनिवारी सकाळी तळघराची किल्ली कोणाकडे असेल?

सुनंदावहिनी:
माझ्याकडे. दहानंतर ये, कपाटांमधल्या टेबलावर जागा करून ठेवते.