मदत हवी आहे: इराणचे लढाऊ विमान स्वदेशी म्हणावे की नाही?

मसुदेकर
नमस्कार. इराणच्या हवाई दलावरचा माझा लेख एका दिवाळी अंकासाठी जवळजवळ तयार आहे आणि एकाच वाक्यावर अडला आहे. ‘निर्बंध असतानाही इराणने संपूर्ण स्वदेशी लढाऊ विमान तयार केले’ असे मी लिहिले होते. संपादकांनी त्याखाली लाल रेघ ओढून समासात ‘आधार काय?’ एवढेच विचारले आहे. इराणची सरकारी माध्यमे विमान शंभर टक्के स्वदेशी असल्याचे सांगतात, तर पाश्चात्त्य जाणकार त्याला जुन्या अमेरिकी विमानाची नक्कल म्हणतात. मला दोन्ही बाजूंचा इतिहास नको आहे. वाक्य ठेवावे की काढावे, एवढेच कृपया सांगावे. उद्या संध्याकाळी पाने छपाईला जाणार आहेत.

गगनविहारी
कोणते विमान, हे आपण लिहिलेलेच नाही. आझरख्श, साएघे, कौसर आणि काहेर-३१३ या चारही विमानांबद्दल इराणने वेगवेगळ्या काळी असेच दावे केले आहेत आणि चौघांची उत्तरे एकसारखी नाहीत. काहेर २०१३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांच्या उपस्थितीत दाखवले गेले, तेव्हा त्याचा आखूड कॉकपिट आणि हवा आत घेणारी चिमुकली तोंडे पाहूनच अनेकांनी ती केवळ प्रतिकृती असल्याचे म्हटले होते. आपला लेख त्याच्याबद्दल असेल, तर वाक्य आजच काढून टाकावे.

मसुदेकर
लढाऊ विमान म्हटल्यावर कौसरच. आणखी कोणते असणार? २०१८ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष रूहानी ज्याच्या कॉकपिटमध्ये बसले होते, ते.

तिसरी घंटा
माझ्या मते विमानांचा विषयच सोडून द्यावा आणि ड्रोनवर लिहावे. इराणची खरी झेप शाहेद-१३६ मध्ये आहे. रशियाने २०२२ पासून युक्रेनमध्ये ते वापरले आणि सारे जग त्याची दखल घेऊ लागले. वैमानिक लागत नाही आणि इंजिनही साधे पंख्याचे असते. लेखाचा शेवट त्यावर केल्यास वाचकांना अधिक आवडेल.

मसुदेकर
लेख वैमानिक बसवलेल्या विमानांवर आहे आणि तो लिहून झाला आहे. कृपया माझ्या वाक्याबद्दल बोलावे.

ओझरकर
मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कारखान्याच्या बाजूने लिहितो. कौसरचा पंख, पंखाच्या टोकावरची क्षेपणास्त्राची पट्टी आणि दोन आसनांचे कॉकपिट पाहिले की ते अमेरिकी एफ-५एफ, म्हणजे एफ-५ या लढाऊ विमानाचे दोन आसनांचे रूप आहे, हे सांगायला जाणकाराची गरज नाही. पण म्हणून ‘नुसता रंग दिला’ असे म्हणणेही अन्यायाचे आहे. शाहांच्या काळात इराणने शंभराहून अधिक एफ-५ घेतली होती. १९७९ च्या क्रांतीनंतर सुटे भाग थांबले, पाठोपाठ आठ वर्षांचे इराकशी युद्ध आले आणि जे मोडेल ते स्वतः घडवणे भाग पडले. इस्फहानजवळच्या शाहीनशहरमधील ‘हेसा’ या इराणी विमान कंपनीचा कारखाना मुळात क्रांतीपूर्वी बेल हेलिकॉप्टरांसाठी उभारला गेला होता. यंत्रे, साचे आणि एफ-५ कोळून प्यालेली माणसे हाताशी असताना त्यांनी याच विमानाचा आराखडा धरला, यात नवल काही नाही.

अडचण इंजिनाची असते. एफ-५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे जे-८५ हे छोटे जेट इंजिन बसते, ज्याची मूळ रचना १९५० च्या दशकात शत्रूच्या रडारला चकवणाऱ्या क्वेल या क्षेपणास्त्रासाठी झाली होती. इराणने २०१६ मध्ये ‘ओज’ नावाचे इंजिन दाखवले, ते याचेच रूप आहे. टर्बाइनचे पाते हातात घेऊन त्याची जाडी, वळण आणि मुळाशी कोरलेले खाचे दशांश मिलिमीटरपर्यंत मोजता येतात. परंतु त्याचा मिश्रधातू कोणत्या तापमानाला किती वेळ ठेवला होता, हे पात्यावर लिहिलेले नसते. आम्हाला मिग-२१ ची रशियन रेखाचित्रे परवान्यासकट मिळाली होती, इंजिनांसाठी ओडिशात कोरापुटला वेगळा कारखाना होता, आणि तरीही प्रत्येक गोष्ट सहज जमली असे म्हणता येणार नाही. इराणजवळ अमेरिकेचा परवाना नव्हता आणि मागे कोणी उभेही नव्हते.

केपटाउनची चिठ्ठी
दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण द्यावे, असे मी सुचवतो. सुरक्षा परिषदेने १९७७ मध्ये ठराव ४१८ द्वारे शस्त्रबंदी लादली आणि त्या देशाने आपल्या फ्रेंच मिराज-३ विमानांवरून १९८६ मध्ये चीता हे लढाऊ विमान उभे केले. तेही जुन्या सांगाड्यावरच होते, तरी त्यांच्या अभियंत्यांना कोणी नक्कलबहाद्दर म्हणत नाही. इराणला वेगळा न्याय का?

ओझरकर
कारण चीताच्या पाठीशी इस्रायलचे साहाय्य होते आणि आत फ्रेंच आतार इंजिन होते. त्याची तुलना कौसरशी केल्यास उलट इराणचेच काम अधिक कठीण ठरते. आपले उदाहरण आपल्याच मुद्द्याच्या विरोधात जाते.

केपटाउनची चिठ्ठी
मुळीच नाही. निर्बंधांखालचा कोणताही देश कुठून तरी मदत मिळवतोच, एवढेच मला म्हणायचे आहे. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी वैमानिक आपली विमाने घेऊन इराणमध्ये उतरले, ती इराणने ठेवूनच घेतली. हेही एक प्रकारचे साहाय्यच.

हिंजवडीचा हरकाम्या
अवांतर होईल, पण आपले तेजस विसरू नये. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, लॉकहीड मार्टिनकडे उड्डाण नियंत्रण प्रणालीवर काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत यावे लागले आणि उरलेले काम बंगळूरमध्ये पूर्ण झाले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिले उड्डाण केले. आपण तेजसला अभिमानाने स्वदेशी म्हणतो, मात्र त्या दिवशी शेपटीत अमेरिकी एफ-४०४ इंजिनच होते. तेव्हा संपादकांची लाल रेघ दोन्हीकडे सारखीच ओढली पाहिजे.

गगनविहारी
मुद्दा रास्त आहे, पण धागाकर्त्यांचे वाक्य इराणबद्दल आहे. ‘संपूर्ण’ हा शब्द काढावा आणि वाक्य असे करावे: ‘अमेरिकी एफ-५ च्या आराखड्यावर नवी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवून इराणने कौसर देशातच तयार केल्याचे जाहीर केले, जून २०२० मध्ये अशी तीन विमाने हवाई दलाला देण्यात आली.’ यात दावा कोणाचा, हे स्पष्ट राहते आणि आकड्यावरून वाचक स्वतः अंदाज बांधतो. चाळीस वर्षांच्या खटाटोपानंतर एका वेळी तीनच विमाने हाती पडत असतील, तर हवाई दलाचा भार अजून जुन्या अमेरिकी एफ-१४ आणि एफ-४ विमानांवर का राहिला, हेही वेगळे सांगावे लागत नाही.

ओझरकर
सहमत. फक्त सोबत छायाचित्र देणार असाल, तर ते कोणते, हे सांगावे.

मसुदेकर
छायाचित्राचा येथे काय संबंध? संपादकांनीच निवडले आहे: निळसर रंगाचे, एका आसनाचे विमान, मागे दोन उभ्या शेपट्या.

ओझरकर
दोन शेपट्या असतील, तर ते कौसर नसून साएघे आहे. त्याचे पहिले उड्डाण २००४ मध्ये झाले. सांगाडा त्याचाही एफ-५ चाच आहे, पण एका शेपटीच्या जागी दोन तिरप्या शेपट्या बसवल्या आहेत. कौसरला एकच शेपटी असते आणि जाहीर झालेल्या छायाचित्रांत कॉकपिटमध्ये पुढे-मागे दोन आसने दिसतात.

मसुदेकर
गगनविहारी यांचे वाक्य जसेच्या तसे घेतले आहे, आभार. संपादकांना दूरध्वनी केला. चित्र बदलायला ते तयार आहेत, पण दोन आसनांचे, एका शेपटीचे आणि छापता येईल इतके स्पष्ट छायाचित्र आज रात्रीपर्यंत हवे आहे. कोणाकडे असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून दुवा द्यावा. ड्रोनचे नको.