छातीचं हाड दुखतंय : जिम बंद की चालू?

धागाकर्ता : कमरेला १० किलोची प्लेट बांधून डिप्स (दोन समांतर दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) मारायला लागलो आणि तिसऱ्या आठवड्यात खाली जाताना छातीच्या मधोमध, हाडाच्या डाव्या कडेला कळ आली. मग शिंकताना, कूस बदलतानाही. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी बोटाने दाबलं तर बरोब्बर तिथेच ठणका! बरगडी छातीच्या हाडाला कूर्चेने जोडलेली असते, तिथे दाह झालाय म्हणाले. कॉस्टोकॉन्ड्रायटिस.
सल्ला मिळाला पूर्ण विश्रांतीचा. सहा आठवडे वजनाला हात लावला नाही, परत गेलो तर पहिल्याच सेटला पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला फक्त डिप्स आणि फ्लाय (हात बाजूंना पसरून वजन छातीसमोर आणणं) सोडले, बाकी हलकं चालू ठेवलं, तेव्हा उतरलं. माझ्या मते नुसतं पडून राहणं हा उपाय नाही.

लाल माती : असहमत. दुखतंय तर उचलायचं कशाला? आमच्या तालमीत कुणाची छाती भरली की वस्ताद जोर बंद करायचे. महिनाभर फक्त बैठका.

धागाकर्ता : म्हणजे वस्ताद माझ्याच बाजूचे की! तालीम बंद नाही केली, जोर बंद केले.

लाल माती : शब्दात पकडू नका राव. तुम्ही तर छातीचाच व्यायाम चालू ठेवलात.

हाडवैद्य नाही, फिजिओ : कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे स्नायूच्या हिशोबाने दिवस मोजू नका. महिने लागू शकतात. डिप्समध्ये कोपर मागे गेलं की छातीचा स्नायू त्याच जोडांना ओढतो. जमिनीवर झोपून प्रेस मारली, म्हणजे वजन वर ढकललं, तर कोपर जमिनीवरच थांबतं, ताण कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं असेल तर वजन जास्त झालं, एवढं साधं आहे. वर सूज दिसत असेल तर मात्र पुन्हा दाखवा.

काळजीवाहू : मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. हे वाचून कुणीतरी घरीच छाती दाबून बघेल, दुखलं की ‘स्नायूचं आहे’ म्हणून झोपेल. आमच्या मामांनी तेच केलं, रात्री आयसीयूत. घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर धागे कसले वाचता?

लाल माती : याला +१. बाकी डिप्सबद्दल माझं मत तेच.

धागाकर्ता : मामांचं पटलं. ईसीजीचं वाक्य धाग्यात सगळ्यात वर नेतो. प्लेट मात्र मित्राला देऊन टाकलीय.