इंडीपॉपचे नवे बँड यादी शोधून देत नाही, माणसं देतात

सातइंची

'सध्या काय ऐकताय' धाग्यावर काल रानवारा यांनी लिहिलंय: "बँड शोधत बसायचे दिवस संपले. स्पॉटिफाय दर सोमवारी तीस गाणी आणून देतं. लेबलं, फॅन्झीन, रेकॉर्डची दुकानं ही जुन्या लोकांची मिरवायची हौस." उत्तर तिथेच लिहायला घेतलं होतं, पण लांबत गेलं. त्या धाग्याची वाट लागायला नको म्हणून इथे टाकतेय. (नवख्यांसाठी: इंडीपॉप म्हणजे इथे छोट्या स्वतंत्र लेबलांवरचं गिटारचं पॉप, आपलं नव्वदीतलं हिंदी इंडीपॉप नव्हे. लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, फॅन्झीन म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेलं मासिक.)

आधी ती यादी बनते कशी ते बघा. ज्यांनी हे ऐकलं त्यांनी तेही ऐकलं, ज्यांच्या प्लेलिस्टमध्ये ही दोन गाणी शेजारी होती, अशा हिशेबावर तिचा बराचसा डोलारा उभा असतो. म्हणजे आधी ऐकणारे हवेत. ज्या बँडला अख्ख्या जगात चाळीस श्रोते आहेत, त्याला कुणाच्या शेजारी बसवायचं हे यंत्राला कळणार कुठून? त्यामुळे यादी आणून देते ते कमी प्रसिद्ध बँडांमधले सगळ्यात प्रसिद्ध. त्याला शोधणं म्हणायला माझी तयारी नाही.

आता उलट उदाहरण. 1987 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स यांनी सारा रेकॉर्ड्स हे लेबल सुरू केलं. मुख्यतः सात इंची सिंगल्स (मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या), प्रत्येकाला क्रमांक, फॅन्झीन काढलं तर त्यालाही क्रमांक, पन्नासावा क्रमांक तर चक्क एका बोर्ड गेमला. 1995 मध्ये शंभर झाले आणि ठरवून थांबले. द फील्ड माइस हा त्यांचा बँड आवडलेला माणूस पुढचा क्रमांक न ऐकताच मागवायचा, कारण तो साराचा आहे. अशानेच पेन्झन्सचा अनदर सनी डे, यॉर्कचा सेंट क्रिस्टोफर, थेट सिडनीचा ईव्हन अ‍ॅज वी स्पीक लोकांच्या घरी पोचले. दोन माणसांनी स्वतःची आवड पणाला लावली म्हणून पोचले.

आणि हे फक्त जुनं नाही. माइक शुलमन 1989 पासून स्लंबरलँड हे अमेरिकन लेबल चालवतोय. गेल्या काही वर्षांतले जनीन्स, दि अम्ब्रेलाज, द रेड्स पिंक्स अँड पर्पल्स हे सगळे त्याच्याकडचे.

माझी पद्धत सांगते. बँडकॅम्पवर (बँड जिथे आपलं संगीत थेट विकतात ती साइट) अल्बमचं पान उघडलं की ज्यांनी तो विकत घेतलाय त्यांची चिमुकली चित्रं दिसतात. आपल्याला जीव की प्राण असलेले, पण फारसे कुणाला माहीत नसलेले दोन बँड ज्याच्याकडे आहेत असा माणूस त्यातून निवडायचा आणि त्याचा सगळा संग्रह उघडायचा. मी अशीच सॅन फ्रान्सिस्कोच्या टोनी जे या बँडपर्यंत पोचले, आणि तिथून पेझली शर्ट नावाच्या, कॅसेटी काढणाऱ्या छोट्या लेबलापर्यंत. त्या चित्रामागे पैसे मोजलेला माणूस आहे. त्याच्या शब्दाला माझ्या लेखी वजन आहे.

रानवारा

ताई, सविस्तर लिहिलंत, आता माझंही ऐका. मी उदगीरचा. आमच्याकडे कॅसेटच्या दुकानात भावगीतं, भजनं आणि हिंदी सिनेमा. ब्रिस्टलचा सात इंची तुकडा तिथे कोण आणणार होतं? स्पॉटिफाय 2019 मध्ये भारतात आलं आणि त्याच वर्षी मी न्यूझीलंडच्या डनीडिनचे द चिल्स ऐकले, तिथून द क्लीन, तिथून लुक ब्लू गो पर्पल. कुणाच्या आवडीची शिफारस नव्हती, कुणाची ओळख नव्हती, आणि विद्यार्थी असताना डॉलरमध्ये खर्च करायची ऐपतही नव्हती.

तुमची ती लेबलं आणि फॅन्झीन त्या गावात राहणाऱ्यांसाठी होती. एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाची सी86 कॅसेट (1986 मधल्या नव्या बँडांची) मागवायची तर आधी एनएमई हातात पडायला हवं! यंत्राने मला गाव विचारलं नाही.

दुसरं म्हणजे हेवनली. नव्वदच्या दशकातला बँड, तुमच्या साराचाच. आज विशीतल्या मुलींना तो माहीत झाला तो टिकटॉकवर एक जुनं गाणं पसरलं म्हणून. 2023 मध्ये लंडनला बुश हॉलमध्ये ते पुन्हा वाजवायला उभे राहिले. हे कुठल्या फॅन्झीनने केलं?

आणि बँडकॅम्पचं कौतुक जरा बेताने. तीही कंपनीच. 2022 मध्ये एपिक गेम्सने घेतली, 2023 मध्ये साँगट्रेडरला विकली, निम्म्या लोकांना घरी बसवलं.

शॉर्टवेव्हवाला

रानवारा, गावात काहीच पोचत नव्हतं हे तितकंसं खरं नाही. जॉन पील या ब्रिटिश रेडिओ निवेदकाचा कार्यक्रम बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर लागायचा. मी सोलापुरात वडिलांच्या रेडिओवर ऐकायचो. आवाज लाटेसारखा वरखाली व्हायचा, नेमकं बँडचं नाव सांगताना खरखर यायची. मी वहीत ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून ठेवायचो. अर्धी नावं चुकीची. एका माणसाला जे आवडलं ते तो लावत होता, आणि ते सोलापूरपर्यंत येत होतं. म्हणून सातइंचींचा मुद्दा मला पटतो.

पण पुढचंही सांगतो. त्या वहीतले बहुतेक बँड मला पुढे पंधरा-वीस वर्षं सापडले नाहीत. सापडले ते 2007-08 च्या सुमारास, जेव्हा कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आपल्याकडच्या सिंगल्स रिप करून, म्हणजे रेकॉर्डवरून संगणकात उतरवून, ब्लॉगवर टाकल्या. सुईची करकर, मध्येच उडी, तरी गाणं होतं. त्या लोकांनी एक पैसा न घेता जेवढं दिलं तेवढं कुठल्याही लेबलाने दिलं नाही.

हिशेबनीस

काका, दिलं म्हणता, पण कुणाचं दिलं? दुसऱ्याचंच ना?

मी लीड्सला शिकत असताना एका बँडमध्ये बास वाजवायचो. आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक सात इंची सिंगल छापली. काहीशे प्रती. पाकिटं आम्हीच घडी घालून चिकटवली, बोटांना गोंद लागलेला असायचा. मग एके दिवशी कळलं की दोन्ही गाणी एका ब्लॉगवर आहेत, आणि खाली लोक लिहितायत "वा, धन्यवाद". त्या वेळी निम्म्या प्रती ड्रमरच्या पलंगाखाली पडून होत्या, आणि पत्ता मागे पाकिटावरच छापलेला होता. एकालाही पत्र लिहावंसं वाटलं नाही.

ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनापासून 70 वर्षं टिकतात. 1986 चं सिंगल 2056 संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचं आहे. ज्यांना खरंच कळकळ असते ते बँड शोधून काढतात, परवानगी घेतात आणि पुन्हा छापतात. बर्लिनचं फायरस्टेशन लेबल हेच करतं. मायामीत सुरू झालेलं क्लाउडबेरी लेबल तर विस्मरणात गेलेल्या बँडांच्या लांबलचक मुलाखती घेतं. चेरी रेड या लेबलाने 2014 मध्ये सी86 चा तीन सीडींचा संच काढला. काम कष्टाचं आहे, पण होतं.

शॉर्टवेव्हवाला

तुमच्या पलंगाखालच्या प्रतींबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण फायरस्टेशनवाल्यांना हे बँड होते हे कळतं कुठून? बऱ्याचदा त्याच रिप ऐकून कुणीतरी चौकशी करतं म्हणून. आणि ज्यांचा ठावठिकाणाच नाही त्यांचं काय करायचं? गायक कुठे गेला माहीत नाही, लेबल बंद, मूळ टेप फेकून दिलेली.

मायस्पेस या जुन्या सोशल साइटचं विसरलात का? सर्व्हर हलवताना 2003 ते 2015 मधलं लोकांनी चढवलेलं संगीत गेलं, 2019 मध्ये त्यांनी ते कबूल केलं. सुमारे पाच कोटी गाणी. त्यात अशा किती बँडांची एकुलती एक गाणी असतील! परवानगीची वाट बघत बसलो असतो तर आज वही होती तशीच राहिली असती.

हिशेबनीस

जपणं वेगळं आणि वाटणं वेगळं. हार्ड डिस्कवर ठेवा, कुणी अडवलंय?

शॉर्टवेव्हवाला

ज्या गाण्याला कुणी ऐकत नाही ते जपलं काय आणि नाही काय.

सातइंची

मूळ मुद्दा बाजूला पडतोय, पण मलाही यात बोलायचंय. हिशेबनीस, जुन्या सिंगल्स आज डिस्कॉग्जवर, म्हणजे रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या साइटवर, ज्या भावाने विकल्या जातात त्यातला एक पेनी बँडला मिळतो का? वापरलेली वस्तू, पैसे विकणाऱ्याला. मी एका विक्रेत्याकडून एक सिंगल घेतलं, त्यात टपालखर्च रेकॉर्डपेक्षा जास्त, वर कस्टम्स. एवढं करून बँडच्या हाती काय पडलं? काहीच नाही. मग तो कायदेशीर आणि रिप करणारा चोर, हे मला पचत नाही.

हिशेबनीस

विक्रेत्याने त्या प्रतीचे पैसे कधीतरी मोजले होते. ब्लॉगवाल्याने एका प्रतीच्या हजार केल्या. एवढा साधा फरक कळत नसेल तर बोलण्यात अर्थ नाही. आणि 'मी संग्राहक, मी जाणकार' म्हणणाऱ्यांनीच चोरीची वकिली करावी याचा मला खरंच राग येतो.

ऋता_नॉटिंगहॅम

सगळ्यांनीच आवाज जरा खाली घ्या. आणि 'जाणकार' शब्द निघालाच आहे तर माझंही घ्या, कारण हे मला बरेच दिवस बोलायचंय.

इथल्या एका दुकानात मी टलूला गॉश या जुन्या इंडीपॉप बँडची रेकॉर्ड मागितली. काउंटरमागच्या माणसाने आधी माझी परीक्षा घेतली: गायिका कोण, नंतर कुठला बँड काढला, ड्रमर कोण. सोबतच्या नवऱ्याला एक प्रश्न नाही, आणि त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. माणसं शोधून देतात हे खरं, सातइंची, पण माणसं दारही अडवतात. या बाबतीत मी रानवाराच्या बाजूने आहे. यादी मला परीक्षा द्यायला लावत नाही.

गंमत वाटली नाही, चीड आली, कारण हे संगीत उभं केलं त्यात बायकांचा केवढा वाटा आहे! सारामध्ये क्लेअर वॉड बरोबरीची भागीदार. अमेलिया फ्लेचर टलूला गॉशमध्ये, मग हेवनलीत, आणि शिवाय अर्थशास्त्राची प्राध्यापक. त्या काळी ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी साराच्या बँडांना बावळट, मुळूमुळू म्हणून किती झोडपलं. अशा संगीताच्या दारावर पुरुषांनी पहारेकरी म्हणून उभं राहावं?

आता उलट बाजू. मी इंडीट्रॅक्सला जायचे. डर्बीशरमध्ये बटर्लीला जुन्या वाफेच्या इंजिनांची रेल्वे आहे, तिथे 2007 ते 2019 हा महोत्सव झाला. एक मंच इंजिनांच्या शेडमध्ये, एक पत्र्याच्या छोट्याशा चर्चमध्ये, आणि चालत्या गाडीच्या डब्यातसुद्धा बँड वाजवायचे. चर्चमध्ये माणसं मावायची नाहीत. मी एकदा बाहेर रांगेत अडकले, आत जाता येईना, म्हणून पत्र्याला कान लावून ऐकलं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईने मला स्वतःच्या वहीत चार नावं लिहून पान फाडून दिलं. माद्रिदच्या एलेफंट लेबलचे बँड मी तेव्हापासून ऐकतेय. तिने मला आधी काय माहीत आहे हे विचारलं नाही. मला अशी माणसं हवीत.

सातइंची

ऋता, दुकानाचं वाचून संताप आला. तसा पहारा मला मान्य नाही, आणि माझ्या लिखाणातून तसं वाटलं असेल तर ते मला नको आहे.

हेवनलीचं रानवारांना देऊन टाकते, टिकटॉकने ते गाणं पसरवलं. मात्र अमेलिया फ्लेचर आणि रॉब परसी यांनी स्केप वॅक्स हे स्वतःचं लेबल काढलं, 2022 पासून हेवनलीचे अल्बम पुन्हा छापले. मुलींनी गाणं ऐकलं तेव्हा विकत घ्यायला अल्बम हजर होता, तो माणसांमुळे.

आणि एक सांगा. 2024 पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला बारा महिन्यांत हजार ऐकणी नाहीत त्याला एक छदाम मिळत नाही. आपण ज्या बँडांबद्दल बोलतोय त्यांची बरीचशी गाणी त्या रेषेखाली आहेत. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले 15 टक्के कापतं, बाकीचे बहुतांश बँडकडे जातात. विकलं गेलं असेल, लोकांना काढलं असेल, वाईटच झालं, तरी हा हिशेब बदलत नाही.

रानवारा

हजाराचा नियम मला माहीत होता, आणि तो वाईट आहे. त्याची बाजू मी कधीच घेणार नाही.

काल रात्री तुमची चित्रांची पद्धत करून बघितली. द चिल्सच्या पानावरून एका माणसाच्या संग्रहात गेलो, तिथे तासभर अडकलो. बांडुंगच्या मोकाचं नाव ऐकून होतो, पण तिथून जकार्ताच्या व्हाइट शूज अँड द कपल्स कंपनीपर्यंत गेलो आणि आशियात एवढं काही चाललंय हे मला ठाऊकच नव्हतं. यादीने ते मला कधी दिलं नव्हतं. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. 'मिरवायची हौस' हे शब्द मात्र मी मागे घेत नाही, ऋता यांच्या दुकानदाराने ते खरे करून दाखवलेत.

सोमवारची यादीही चालूच राहील. उदगीरमध्ये आज जो सतरा वर्षांचा मुलगा आहे त्याच्याकडे कार्ड नाही, डॉलर नाहीत. त्याची सुरुवात तिथूनच होणार.

शॉर्टवेव्हवाला

त्याची सुरुवात इथूनही होऊ शकते. माझ्या वहीतली नावं मी टंकून टाकतो, चुकीच्या उच्चारांसकट. ज्यांना बरोबर नाव कळेल त्यांनी खाली लिहा.

हिशेबनीस

टाका. पण ज्या बँडचं काहीतरी अजून विकत मिळतंय त्याच्यापुढे ते कुठे मिळतं तेवढं लिहा. बाकीच्यांबद्दल माझं मत तेच आहे.

शॉर्टवेव्हवाला

लिहितो. एवढं तुमचं रास्त आहे.

ऋता_नॉटिंगहॅम

काका, पहिल्या पानाचा फोटोही टाका. उच्चारावरून मला दोन-तीन तरी ओळखता येतील.