रांगेतले आणि कुंपणावरचे: बायडन सरकारचं नक्की काय चुकलं?

ओकट्रीकर :

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. आधीच सांगतो, मी लाल टोपीवाला (ट्रम्पचा कट्टर समर्थक) नाही. २००१ ला आलो, यथावकाश सिटिझन झालो, ओबामांना मत दिलं, हिलरींना दिलं, २०२० ला बायडनना दिलं आणि निकाल लागला त्या शनिवारी घरी पेढे पण आणले. २०२४ ला मात्र पहिल्यांदा पलीकडच्या रकान्यात खूण केली, बायकोने अजून धड माफ केलेलं नाही. पण मी काही एकटा नाही. न्यू जर्सीत २०२० ला बायडन जवळपास १६ टक्क्यांनी पुढे होते, २०२४ ला हॅरिस जेमतेम ६ टक्क्यांनी. मधले जे दहा टक्के सटकले त्यातले बरेचसे ओक ट्री रोडवर, आपल्या इथल्या देशी बाजारात, चहा पिताना भेटतात.

माझा राग दयेवर नाहीये, सोंगावर आहे. २०२१ पासून मेक्सिकोच्या सीमेवर काय चाललंय ते सगळ्या जगाला दिसत होतं, फक्त सरकारला दिसत नव्हतं. आल्या आल्या भिंतीचं काम थांबवलं, केसचा निकाल लागेपर्यंत मेक्सिकोत थांबा ही ट्रम्पची पॉलिसी गुंडाळली, सीमेवर पकडलेल्यांचा वर्षाचा आकडा वीस लाखांच्या वर गेला आणि सीमा ज्यांच्या खात्यात ते मंत्री मायोरकास टीव्हीवर येऊन सांगतायत की सीमा सुरक्षित आहे. कमला हॅरिसना मुलाखतीत विचारलं तुम्ही सीमेवर गेलाच नाहीत, तर उत्तर काय, मी युरोपलाही गेले नाही. म्हणजे गावात पाणी का येत नाही म्हणून सरपंचाला विचारावं तर तो म्हणणार मी अजून काशीला पण गेलो नाही!

डिसेंबर २०२३ ला बॉर्डर पेट्रोलने एका महिन्यात अडीच लाखाच्या आसपास लोक पकडले, रेकॉर्ड. मग आलं निवडणुकीचं वर्ष. जून २०२४ ला बायडननी सही करून असायलमवर (आश्रय मागण्यावर) मर्यादा घातली आणि वर्षअखेर महिन्याचा आकडा पन्नास हजारांच्या खाली. मग ती सही २०२१ ला का नाही झाली? पेन तर तेच होतं.

आणि आपली ग्रीन कार्डची रांग? २०२१ च्या आर्थिक वर्षात कोविडमुळे फॅमिली कोट्यातली उरलेली ग्रीन कार्डं नोकरीच्या कोट्यात आली, नेहमीच्या १ लाख ४० हजारांऐवजी तब्बल २ लाख ६२ हजार. ३० सप्टेंबरला ते वर्ष संपलं आणि त्यातली ६६ हजारांवर कार्डं वाया गेली, कारण काय तर प्रोसेसिंग झालं नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये क्यूबा, हैती, निकाराग्वा, व्हेनेझुएला या चार देशांसाठी महिन्याला तीस हजारांपर्यंत लोकांना पॅरोलवर (तात्पुरत्या परवानगीवर) घ्यायची सोय याच सरकारने केली, वर्क परमिटसकट. त्या माणसांवर माझा राग नाही, पोट सगळ्यांना आहे. पण पंगतीत तासभर बसलेल्याच्या पानात मीठसुद्धा नाही आणि मागच्या दाराने आलेल्याला जिलबी, हे बघून जो चिडला त्याला तुम्ही रेसिस्ट म्हणून मोकळे झालात. तिथेच मत गेलं.

बोरीबंदर :

"पेन तेच होतं" हे वाक्य टाळ्या घ्यायला छान आहे काका, पण २०२१ ला पेनाची गरजच नव्हती. टायटल ४२ चालू होता. ट्रम्पनी मार्च २०२० ला साथीच्या नावाखाली आणलेला नियम, आलेल्या माणसाला असायलमचं विचारायच्या आत परत पाठवायचा. तो ११ मे २०२३ पर्यंत बायडनच्या काळात चालू होता आणि त्यासाठी आमच्यासारख्यांच्या शिव्या खाल्ल्या त्यांनी. तरी लोक येतच होते, कारण परत पाठवलेला माणूस चार दिवसांनी पुन्हा यायचा आणि तुमच्या आकड्यात दोनदा मोजला जायचा. शिवाय जानेवारी २०२४ पासून मेक्सिकोने लोकांना अलीकडेच अडवायला सुरुवात केली, आकडे जूनच्या आधीच निम्म्यावर आले होते. सही निमित्त.

आता खरी गंमत. फेब्रुवारी २०२४ ला सिनेटमध्ये बिल आलं होतं, लिहिणारे कोण तर ओक्लाहोमाचे लँकफर्ड, कट्टर रिपब्लिकन. बॉर्डर एजंट्सच्या युनियनचा पाठिंबा. ट्रम्प म्हणाले पास करू नका आणि चार जण सोडले तर त्यांच्या सगळ्या सिनेटर्सनी माना हलवल्या. त्याच बिलात एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या जोडीदारांना (त्यांचा व्हिसा एच-फोर) वर्क परमिट होतं, एच-१बीवाल्यांच्या मुलांना २१ वर्षांचे झाले म्हणून हाकलू नये याची तरतूद होती, आणि वर्षाला १८ हजार जादा एम्प्लॉयमेंट ग्रीन कार्डं होती पाच वर्षं. पंगतीतलं मीठ म्हणालात ना, ते मीठ त्यात होतं. वाडगं कोणी उलथवलं?

डॅलसचा_दाजी :

ओकट्रीकर, अनुमोदन. पण तुम्ही जर्सीवाले जागे झालात २०२३ ला, आम्ही टेक्सासात २०२१ पासून बघतोय. एल पासोत लोक फुटपाथवर झोपलेले तेव्हा तुमच्याकडच्या पेपरात एक ओळ नव्हती. आमचे गव्हर्नर ॲबट साहेबांनी एप्रिल २०२२ पासून सीमेवरून आलेल्यांच्या बसा भरून वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, शिकागोला पाठवल्या तेव्हा केवढा आरडाओरडा, क्रूर, अमानुष वगैरे. आणि वर्षभरात न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट मेयर एरिक ॲडम्स स्वतः म्हणाले की हा प्रश्न शहराची वाट लावणार, मॅनहॅटनमधलं रूझवेल्ट हॉटेल शेल्टर केलं. आमच्या अंगणात होतं तेव्हा माणुसकी, तुमच्या अंगणात आल्यावर क्रायसिस होय?

आणि नुसतं बॉर्डरचं काय घेऊन बसलात. महागाई बोला. मार्च २०२१ ला १.९ ट्रिलियनचं पॅकेज पास केलं, इकॉनॉमी सुधारायला लागलेली असताना. लॅरी समर्स, क्लिंटनचे ट्रेझरी सेक्रेटरी, म्हणजे यांच्याच घरातला माणूस, फेब्रुवारीत सांगत होता की महागाई भडकेल. ऐकलं नाही. टेंपररी आहे म्हणे. जून २०२२ ला ९.१ टक्के, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त, गॅस (म्हणजे पेट्रोल) देशभरात सरासरी गॅलनला पाच डॉलरच्या वर. फेडने (इथली रिझर्व्ह बँक) व्याजदर शून्यावरून सव्वापाच-साडेपाचवर नेला आणि आमचा भाचा जो २०२१ ला तीन टक्क्याने घर घेणार होता तो अजून अपार्टमेंटमध्ये कॉमन वॉलपलीकडच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकतोय. वर ऑगस्ट २०२२ ला आणखी एक खर्चाचं बिल आणलं आणि नाव ठेवलं महागाई कमी करणारं. बारसं करावं तर यांनीच.

अटकमटक :

दाजी, समर्सचं मान्य. पण अर्धंच सांगताय. मार्च २०२० चं २.२ ट्रिलियनचं पॅकेज ट्रम्पच्या सहीचं, चेकवर नावसुद्धा छापून घेतलं होतं स्वतःचं. डिसेंबर २०२० ला सहाशेचा चेक ठरला तर हेच म्हणाले दोन हजार द्या. बायडनचे चौदाशे म्हणजे ते दोन हजार पुरे केले. आणि महागाई फक्त इथे होती का? ऑक्टोबर २०२२ ला युरो झोनमध्ये १०.६ टक्के होती, तिथे काय बायडननी चेक वाटले? सप्लाय चेन आणि युक्रेनचं युद्ध हे दोन्ही होतंच. म्हणून १.९ ट्रिलियनचा वाटा शून्य असं मी म्हणणार नाही, होता, आणि टेंपररी टेंपररी करत बसले ही घोडचूक होती. फक्त सगळी कढी एकाच पळीने ढवळली असं नाही.

निळीशाई :

मी या धाग्यावर लिहिणार नव्हते. पण सगळे पुरुष मंडळी एच-फोरवर आमच्या वतीने भांडतायत म्हणून लिहिते.

पुण्यात आठ वर्षं टेस्टिंगमध्ये नोकरी केली, लग्न करून इथे आले आणि नवऱ्याचा आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर होईपर्यंत तीन वर्षं घरी. मग परमिट मिळालं, नोकरी लागली, टीम लीड झाले. रिन्युअल वेळेत आलं नाही तेव्हा चार महिने पुन्हा घरी बसले. कंपनीचा लॅपटॉप परत करायचा होता, त्यांनी खोका पाठवलेला, आत फोम, वर चिकटवायला लेबल. लेबल वाकडं लागलं म्हणून काढून परत लावलं, मग पुन्हा काढलं, शेवटी मुलीने घेतलं हातातून आणि चिकटवलं. ती तेव्हा सहा वर्षांची होती. बायडनचंच राज्य होतं तेव्हा, त्यामुळे मला त्यांची आरती ओवाळायची काही हौस नाही.

पण एच-फोरला काम करायची मुभा दिली २०१५ ला ओबामांनी. ती काढून घ्यायचा प्रस्ताव ट्रम्पच्या पहिल्या टर्ममध्ये चार वर्षं टांगलेला होता, दर सहा महिन्यांनी व्हॉट्सॲपवर अफवा. तो जानेवारी २०२१ ला आल्या आल्या मागे घेतला बायडननी. मुलांचं वय मोजायचा नियम फेब्रुवारी २०२३ ला थोडा सैल केला, तोही ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने परत आवळला. आणि सप्टेंबर २०२५ ला बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बीवर एक लाख डॉलर फी. ओकट्रीकर काका, तुमची रांग २०११ च्या आधी संपली हो. आमची चालू आहे, आणि तुम्ही ज्याला मत दिलंत त्याने खिडकीवर एक लाखाची पाटी लावली.

सदाशिव_पेठी :

इथे दुपारी एक ते चार झोपणारी माणसं आहोत आम्ही, आम्हाला काय कळणार. तरी एक शंका. ज्यांच्या धोरणांवर इतकं चाललंय ते बायडन स्वतः शेवटची दोन वर्षं कितपत चालवत होते सरकार? फेब्रुवारी २०२४ ला त्यांच्याच न्याय खात्याने नेमलेल्या रॉबर्ट हर यांनी गोपनीय कागदांच्या चौकशीच्या अहवालात लिहिलं की आजोबांची स्मरणशक्ती कमजोर आहे, तर सगळे हरवर तुटून पडले. चार महिन्यांनी २७ जूनची ट्रम्पबरोबरची ती डिबेट लागली. आमच्याकडे सकाळचे साडेसहा, चहाचा कप तसाच गार. महिनाभरात निवडणुकीतून माघार. आमच्या सोसायटीचे चेअरमनपण ८१ चे आहेत, पण निदान मिनिट बुकात सही कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे. (सेक्रेटरी.)

बोरीबंदर :

पेठीकाका, हे मात्र खरं आहे. एक टर्मचा पूल बनतो म्हणून आलेले आणि पुलावरच खुर्ची टाकून बसले. आमच्यातल्या कोणी २०२३ ला बोललं असतं तर नीट प्रायमरी झाली असती. मुलाला, हंटरला माफी देणार नाही नाही म्हणत १ डिसेंबर २०२४ ला दिली, जाता जाता भावंडांनाही दिली, ते पण मी डिफेंड करणार नाही. पण त्यावरून पॉलिसी चुकीची ठरत नाही. मेडिकेअरवाल्यांचं इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरवर आणलं ते त्याच दाजींच्या "बारसं" बिलाने. माझ्या शेजारच्या आजी त्याआधी डोस लांबवायच्या.

ओकट्रीकर :

दोन दिवस ऑफिसात रिलीज होता, आता सगळं वाचलं.

निळीशाई ताई, तुमच्यापुढे मी वाद घालणार नाही. लाखाची पाटी मलाही आवडलेली नाही, मी मत दिलं म्हणजे उरलेला मेंदू जमा केला नाही. पण बोरीबंदर, वाडगं उलथवणारे एकटे तेच नाहीत. ग्रीन कार्डांवरची देशनिहाय ७ टक्क्यांची मर्यादा काढायचं बिल जुलै २०१९ ला हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं होतं. सिनेटमध्ये पुढे कोण रेटत होतं, यूटाचे माइक ली, रिपब्लिकन. आडवा पाय कोणी घातला, इलिनॉयचे डर्बिन, डेमोक्रॅट. डिसेंबर २०२२ ला तसंच ईगल ॲक्ट आलं, व्हाइट हाउसने पाठिंब्याचं पत्रक काढलं, हाउस तुमच्याच हातात, आणि मताला टाकायच्या आधी मागे घेतलं कारण तुमच्याच पक्षातले काही नाराज. आपण दिवाळीला व्हाइट हाउसमध्ये दिवे लावून घ्यायचे, फोटो काढून घ्यायचे आणि मतदानाच्या दिवशी आपोआप आहोतच. गृहीत धरलं होतं आपल्याला.

टायटल ४२ चा मुद्दा बरोबर आहे, तो मी लिहायला हवा होता. तरी सोंग ते सोंगच. मे २०२३ ला तो उठणार हे आधीपासून माहीत होतं की.

अटकमटक :

एकटे डर्बिनच नाहीत, त्या बिलाला रिपब्लिकनांपैकीही काहींनी अडवलं होतं, रँड पॉल, रिक स्कॉट. आणि वाया गेलेल्या ६६ हजारांबरोबर पुढचं वर्ष पण सांगा. २०२२ ला २ लाख ८१ हजारांच्या आसपास कार्डं होती, ती जवळपास सगळी दिली त्यांनी. सरकारी कचेऱ्या रविवारी पण चालू होत्या म्हणतात, खरं खोटं देव जाणे.

निळीशाई :

हो दिली. त्या वर्षी भारतीयांच्या इबी-टूची (आमच्या ग्रीन कार्डच्या रांगेची) तारीख डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती. आमची फेब्रुवारी २०१५. मी मेडिकलची अपॉइंटमेंट सुद्धा घेऊन ठेवली, गोवराच्या लसीचा कागद आईला पुण्यात जुन्या फायलीत शोधायला लावला, तिला सापडला पण. ऑक्टोबरच्या सरकारी बुलेटिनमध्ये तारीख परत एप्रिल २०१२ ला गेली. सापशिडीत ९८ वर असतो ना तो साप.

डॅलसचा_दाजी :

ताई, कागद जपून ठेवा. बाकी राजकारणावर माझं मत कायम.

निळीशाई :

लॅमिनेट केलाय दाजी. नंतर कोणीतरी सांगितलं लॅमिनेट केलेला चालत नाही.